सोनाआक्काची सोबत

फोन आला तेव्हा मी महाडच्या वखारीत एका ट्रकवाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालत होतो. वर वाडीतून आक्काच्या शेजारच्या पार्वतीवहिनी बोलत होत्या. “भावोजी, आक्का गेली. सकाळी चुलीपुढं बसली ती तशीच...” फोन कानाला तसाच धरून मी ट्रकवाल्याला म्हणालो, एवढं भाडं परवडत नाही, दुसरा बघतो. तो कबूल झाला. मग मी हिरड्याच्या पोत्यावर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण घडलं तसं सांगतो. खोटा भाव आणि खोटं कौतुक, दोन्ही सोनाआक्काला चटकन कळायचं.

ती माझी चुलत बहीण, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगराच्या खांद्यावर सात घरांची वाडी आहे, त्यातलं शेवटचं घर तिचं. नवरा लवकर गेला, दोन्ही मुलगे मुंबईला. मी डोक्यावर टोपली घेऊन वाड्यावाड्यांतून हिरडा आणि शिकेकाई गोळा करत फिरायचो, तेव्हापासून दुपारची भाकरी तिच्याकडे. आज वखार आहे, टेम्पो आहे. त्या भाकरीखेरीज मी कुणाचं काही फुकट घेतलेलं नाही.

वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत तासाभराची पायवाट. कारवीचं रान, मध्ये दोन ओढे, आणि त्या रानात बिबट्याचा वावर. वाडीत त्याला वाघरू म्हणतात. त्यामुळं खाली एकट्यानं उतरायचं नाही, सोबत घ्यायची, आणि सोबत म्हणजे आक्काचा कुत्रा. ज्याला खाली जायचं तो तिच्या अंगणात उभा राहून म्हणायचा, “आक्का, सोबत दे गो.” ती हातातलं काम न सोडता कुत्र्याकडे बघायची. “जा रे बोक्या, पोचव.” कुत्रा उठायचा, अंग झाडायचा आणि पुढं चालू लागायचा. खाली रस्त्याच्या मोरीपाशी पोचलं की आपण त्याला म्हणायचं, “फिर आता.” हे म्हणायचंच. तो शब्द मिळाला की तो माघारी वळायचा. नाही मिळाला तर तिथंच बसून राहायचा, कारण त्याच्या हिशेबी माणूस अजून पोचलेलं नसायचं.

पहिलं पिल्लू चुलीच्या राखेत मांजरासारखं झोपायचं म्हणून त्याचं नाव बोक्या पडलं. पुढच्या दोघांनाही तिनं तेच नाव ठेवलं. शिकवलं कुणी, असं मी एकदा विचारलं होतं. “मी कशाला शिकवू? जुना नव्याला घेऊन जातो. चार फेऱ्या झाल्या की येतं त्याला.” आज डोळे मिटले की मला तिघांची शेपटी एकच दिसते. धुक्यात पायवाट पाच पावलांवर संपलेली असायची. त्यापुढं सगळं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात शेपटीचं काळं टोक तरंगत चाललेलं. पावलांचा आवाज नाही, पानांवरून थेंब पडतात तेवढाच. आपण चालतोय की डोंगरच आपल्याला हळूहळू खाली सोडतोय, ते कळायचं नाही. कुठला ओढा गेला, कुठला यायचा... मी बाजारात फिरणारा माणूस, मला एवढी गुंगी कुठं लागत नाही. त्या वाटेवर लागायची. पुढं तो असायचा ना.

दुसऱ्या बोक्याची गोष्ट वाडीत अजून सांगतात. पार्वतीवहिनींची वनिता आणि तिच्या दोन मैत्रिणी सकाळी शाळेला उतरत होत्या. पहिल्या ओढ्याच्या वळणावर बिबट्या वाटेतच बसलेला. वनिता आता शिकून नोकरीला लागली आहे, पण सांगताना तिचा आवाज अजून बारीक होतो. बोक्या भुंकला नाही म्हणे. पोरींच्या पुढं आडवा झाला आणि ढुंगणानं त्यांना मागं रेटू लागला. एक एक पाऊल, पार ओढ्यातल्या मोठ्या दगडापर्यंत. पोरी दगडावर चढल्या तेव्हा तो गुरगुरला. बिबट्यानं एकच पंजा मारला, कानाची चिंधी झाली, पण कुत्रा हलला नाही. शेवटी बिबट्याच कारवीत निघून गेला. मग बोक्या पोरींना घेऊन खाली मोरीपर्यंत गेला, रक्त गळत तिथं बसला, आणि वनितानं रडत “फिर आता” म्हटल्यावरच वर आला. खालच्या गावातून माणसं त्याला बघायला आली. आक्का हळद भरत म्हणाली, “वाघरामागं धावला नाय, ह्ये खरं. पोरी सोडून धावला असता तर मी त्याला ठेवला नसता.”

मीही गेलो होतो. वखारीवर राखणीला असा कुत्रा हवा म्हणून मागितला, वर भावही बोललो.

“दतू, तुझ्या पोत्यांना कोण वाघरू खातंय रे?”

“चोर असतात, आक्का.”

“चोराला घाबरतोस? तुझ्याशी भाव करताना चोरच रडत जाईल.”

वाडी हसली. मीही हसलो, पण मनात राग धरला. माझा स्वभाव तसा आहे.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, म्हणजे आजपासून अकरा वर्षांपूर्वी, मी हंगामात वर गेलो तर आक्कानं हिरडा वरंधच्या एका व्यापाऱ्याला दिलेला. का, तर तो आधी आला आणि घासाघीस न करता घेऊन गेला. मी अंगणात उभा राहून नको ते बोललो. भाकरी न खाता निघालो. तरीही मागून तिचा आवाज आलाच, “जा रे बोक्या, पोचव.” मला सोबत कधी मागावी लागली नव्हती. भाऊ होतो. तो फाटक्या कानाचा कुत्रा तासभर माझ्यापुढं चालला, आणि मी त्याच्या पाठीकडे बघत तिला शिव्या मोजत राहिलो. मोरीपाशी जीप उभी होती. मी चढलो. जीप निघाली तेव्हा मागच्या काचेतून तो दिसला. रस्त्याच्या कडेला बसला होता, कान माझ्याकडे.

विसरलो, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. विसरलो नव्हतो. शब्द ओठावर होता, तो मी दिला नाही.

दोन दिवस तो तिथं अवकाळी पावसात बसला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाव टाकला, तो खाल्ला, पण उठला नाही. वाडीतल्या पोरी दोन दिवस शाळेत गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आक्का काठी टेकत एकटी, सोबतीशिवाय, त्या रानातून खाली आली आणि त्याला घेऊन गेली. हे मला जीपवाल्यानं सांगितलं. पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा तिनं पाणी दिलं, भाकरी दिली, हिरडाही दिला. निघताना फक्त म्हणाली, “जप रे.” कुत्रा ओट्यावर पडून होता. तो पडूनच राहिला.

असं अकरा वर्षं चाललं. दुसरा बोक्या गेला, तिसरा आला. रानमोजणीच्या अनोळखी माणसांना सोबत मिळाली, भांडी विकणाऱ्याला मिळाली, मला नाही. मी हातात काठी घेऊन मोठ्यानं खोकत एकटा उतरायचो. एका चुकीची एवढी शिक्षा? व्यापारात एक नियम मी लहानपणीच शिकलो, पहिला भाव जो बोलतो तो हरतो. मी गप्प बसलो. वाटलं, कधीतरी तीच बोलेल. गेल्या शिमग्यानंतर शेवटचा गेलो तेव्हा ती दमून ओट्यावर बसली होती. निघताना मी अंगणात उगाच चपलेचा अंगठा नीट करत रेंगाळलो. ती माझ्याकडे बघत होती. कुत्राही बघत होता. “जप रे,” ती म्हणाली.

बाराव्याला मुलगे, सुना आल्या होत्या. जेवणं झाली, दाराला कुलूप लागलं. धाकटा म्हणाला, “मामा, बोक्याला मुंबईला कुठं ठेवणार? पार्वतीकाकी सांभाळतील.” मी पार्वतीवहिनींच्या अंगणात गेलो आणि मनात होतं ते बाहेर पडलं.

“वहिनी, आक्कानं माझ्यावर डूख धरला तो धरलाच. अकरा वर्षं सोबत दिली नाय.”

त्या भांडी घासत होत्या. हात थांबला.

“डूख कसला, भावोजी? तुम्ही गेलात की ती दर वेळी ओट्यावर उभी राहायची, खालच्या मोरीवर तुमचा सदरा दिसंपर्यंत. मी बोलायचे, दे ना गो सोबत, भाऊस हाय तुझा. तर म्हणायची, मागू दे की त्याला. सगळी मागतात.”

धुकं उतरायला लागलं होतं. समोरची घरं एकेक करून पुसली गेली. आयुष्यभर मी भाव मागूनच पोट भरलं, पण हे एवढं एक मागणं अकरा वर्षं तोंडातून निघालं नव्हतं. आता निघालं.

“वहिनी, सोबत द्या.”

“जा रे बोक्या, पोचव.”

तिसरा बोक्या माझ्याबरोबर कधी चाललेला नव्हता. त्यानं मला एकदा हुंगलं आणि पुढं झाला. त्या दिवशीचं उतरणं मला नीट आठवत नाही. पांढरं रान आणि त्यात तरंगणारी शेपटी, एवढंच. मोरीपाशी तो बसला. एसटी आली, थांबली, गेली. मग मी त्याच्यासमोर उकिडवा बसून म्हणालो, “फिर आता.” तो वळला आणि मागं न बघता चढणीला लागला.

आता हिरड्याचा हंगाम नाही, तरी आठवड्याला एकदा वर जातो. पार्वतीवहिनी विचारतात, आज काय न्यायला आलात? काही नाही, म्हणतो. चहा घेतो, कुलपाच्या दारासमोरच्या ओट्यावर जरा टेकतो. निघताना सोबत मागतो. दर वेळी मागावीच लागते. मागितल्याशिवाय दतूला द्यायची नाही, असं आक्का त्यांना सांगून गेली आहे.