दोन भरलेल्या घागरी

मी भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. सासरी येऊन दोन महिने झाले नाहीत तोच मी म्युनिसिपालिटीच्या दफेदाराशी कडाकडा भांडले, आणि तेही पालापाचोळ्यावरून.

म्हैसुरात प्लेग येऊन गेला होता आणि शहर स्वच्छ करायचं सरकारनं फारच मनावर घेतलं होतं. अंगणातला केर जाळायचे नियमसुद्धा दवंडी पिटून सांगितले. सकाळी आठच्या आत जाळायचं. गवती छपरापासून वीस पावलं लांब. जवळ दोन भरलेल्या घागरी हव्यात. आणि वारा असला तर मुळीच नाही. माझे सासरे, म्हणजे मामंजी, महाराजांच्या घोडदळातून जमादार म्हणून निवृत्त झालेले. ते मिशी पिळत म्हणाले, "आमच्या आज्यापणज्यांनी या राज्यासाठी रक्त सांडलं, आणि आता आंब्याची पानं जाळायला चपराशाला विचारायचं होय?" मला ते इतकं पटलं की काय सांगू!

फाल्गुनात थोरल्या जाऊबाई बाळंत झाल्या. त्यांना मी अक्का म्हणायची. त्यांची पहिली दोन मुलं वर्षाच्या आत गेली होती, त्यामुळे हा तिसरा जगावा म्हणून अख्खं घर देव पाण्यात घालून बसलेलं. बाळंतिणीची खोली परसात, वेगळी, वर येलवालकडून आणलेल्या गवताचं छप्पर. आमच्या शिपाईगड्यांच्या घरांतली एक रीत होती. मूल जन्मलं की चुलीतला निखारा त्या खोलीत शेगडीत न्यायचा आणि बारशापर्यंत तो विस्तव जागता ठेवायचा. त्यावर पाणी घालायचं नाही. पाण्यानं विझवला तर मुलाचं आयुष्य विझलं, असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शपथेवर सांगायच्या. त्यांच्या मते गेलेल्या दोघांच्या वेळी असंच काहीतरी झालं होतं.

आठव्या दिवशी उन्हं कलताना अक्का आतून म्हणाल्या, "अगं, डास पोराला फोडून काढतायत. जरा धूर कर ना." परसात आंब्याच्या पानांचा नि झावळ्यांचा ढीग साठला होताच. वीस पावलांवरून धूर खोलीत कसा जायचा? मी ढीग ओढत आठ पावलांवर आणला. दिवेलागणीला थोडा वेळ होता. तेवढ्यात कुंपणापलीकडे दफेदाराचं पागोटं दिसलं.

"अम्मा, गाळी इदे, बेड," तो म्हणाला. वारा आहे, नको.

"तुमच्या पोराला डास चावले म्हणजे या सांगायला!" मी ठणकावलं. वर त्याच्या नाकावर टिच्चून दोन घागरी विहिरीवरून भरून आणल्या आणि ढिगाजवळ दण्णकन आदळल्या. "ह्या घ्या तुमच्या घागरी! झालं समाधान?" तो मान हलवून पुढे गेला.

बाळाच्या धुरासाठी दुसरा विस्तव कशाला, म्हणून मी अक्कांच्या शेगडीतलाच निखारा खापरीत घेतला आणि ढिगाला लावला. धूर छान चढला, खोलीकडे वळला. मी कमरेवर हात ठेवून बघत उभी. मग चामुंडीच्या डोंगराकडून जोराचा वारा आला. खालच्या वाळक्या झावळ्यांनी भडका घेतला आणि पेटती पानं उडून छपराच्या कडेला चिकटली.

मी घागर उचलली. उचलली, हे खरं. तेवढ्यात मागच्या दारातून आत्याबाई किंचाळल्या, "पाणी नको! बाळाचा विस्तव आहे तो! पाणी नको!"

आणि मी थांबले. भरली घागर कमरेवर, समोर छप्पर धुमसतंय, आत बाळ-बाळंतीण, आणि मी थांबले! दहा अंक मोजायला लागतील एवढाच वेळ गेला असेल, पण त्या वेळेची लाज मला आजही वाटते. मामंजी काठी घेऊन धावले आणि ढिगाला झोडपू लागले, त्यानं ठिणग्या आणखीच उडाल्या. "माती टाका, माती!" ते ओरडत होते. फाल्गुनातली परसातली जमीन, नखानं उकरली तरी निघेना.

खोलीचं दार उघडलं. अक्का बाहेर आल्या. कानाला फडकं, पाय अनवाणी, आठव्या दिवशी उंबऱ्याबाहेर. त्यांनी बाळ आत्याबाईंच्या हातात दिलं. "धरा," एवढंच म्हणाल्या. माझ्या कमरेवरची घागर हिसकावली आणि पाणी छपरावर फेकलं. दुसरी ढिगावर उपडी केली. चर्रर्र आवाज झाला आणि सगळीकडे वाफ.

"विझवलास गं! आपल्या हातानं विझवलास!" आत्याबाई रडू लागल्या.

"विस्तव विझला, आत्याबाई. पोर आहे," अक्का म्हणाल्या आणि तिथेच मटकन बसल्या.

दफेदार धावत आला होता. मला वाटलं, आता हा माझी खरडपट्टी काढणार. पण तो रिकाम्या घागरी उचलून विहिरीकडे गेला, आणि मामंजींनी, आयुष्यात पहिल्यांदा, चपराशाच्या बरोबरीनं रहाटाचा दोर ओढला. छप्पर चिंब होईपर्यंत दोघं पाणी घालत होते. सुपाएवढं भोक पडलं होतं; त्यातून गळलेल्या पाण्यानं आतली शेगडीही विझली.

त्या रात्रीपासून बाळ खोकू लागलं, अंग तापलं. आत्याबाईंनी अक्कांशी बोलणं टाकलं. येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना त्या सांगत, आईनंच विझवला हो. अक्का भिंतीकडे तोंड करून बाळाला छातीशी धरून बसायच्या. दोन दिवस मी गप्प राहिले. मी, जी दफेदाराला गप्प बसवत होते! तिसऱ्या दिवशी बायकांसमोरच माझा बांध फुटला. "धुरानं झालंय हे. माझ्या धुरानं. नको म्हटलं असताना मी लावला. आणि पाणी हातात असून घातलं नाही, तेही मीच. अक्कांना बोल लावाल तर मला आधी घराबाहेर काढा!"

चौथ्या दिवशी पहाटे बाळाचा ताप उतरला.

जुना विस्तव विझलेला, म्हणून बारशाला नवा हवा होता. तो कोणी आणायचा? सगळ्या बायका आत्याबाईंकडे बघत होत्या. अक्का म्हणाल्या, "ती आणील." म्हणजे मी. मी आधी विहिरीवर गेले, दोन घागरी भरल्या, दाराशी आणून ठेवल्या, आणि मगच चुलीतला निखारा खापरीत घेऊन आले. बाळाच्या विस्तवाशेजारी पाणी! बायकांत कुजबुज सुरू झाली.

आत्याबाई उठल्या. त्यांनी त्यातली एक घागर उचलली आणि आत नेऊन पाळण्याच्या पायाशी ठेवली.