चांदचाचा ‘भागत नाही’ म्हणाले

जुन्नरच्या बाजारपेठेत चांद मणियारांचं बांगड्यांचं दुकान आहे. समोरच माझं, ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं. मी मारवाड्याची हर्षा, तोंडानं फटकळ. पण चांदचाचांपुढे मीही हात टेकले होते. दिवसभरात एक गिऱ्हाईक फिरकलेलं नसलं तरी हा माणूस म्हणणार, “मालिकची मेहेरबानी, भरपूर हाय.” कमी आहे असं तोंडानं म्हटलं की घरातली बरकत उठून जाते, ही त्यांची पक्की समजूत. त्यांच्या वडिलांनी म्हणे एकदाच चारचौघांत ‘आता भागत नाही’ म्हटलं, आणि त्याच पावसाळ्यात ते गेले. म्हणजे ही नुसती मिजास नव्हती, भीती होती.

त्यांची सानिया अवसरीला इंजिनिअरिंगला लागली. शिष्यवृत्ती म्हणजे हुशारीचं बक्षीस, असं चाचांना वाटायचं. मी समजावलं, की सरकारी योजनेतून कॉलेजची फी सुटेल, तीही दाखले तपासून झाल्यावर. होस्टेल आणि मेस आपल्याच अंगावर. त्यासाठी एका ट्रस्टकडे वेगळा अर्ज करायचा. ट्रस्टवाले मार्कांच्या आधी गरज बघतात. घरातून किती देता येतं आणि किती कमी पडतं, हे सांगावं लागतं. ‘कमी’ म्हटल्याबरोबर चाचांनी मान फिरवली. अर्ज मीच भरला.

मग ट्रस्टची माणसं घरी चौकशीला आली. चाचांनी शेजारून चांगल्या प्लेटा मागून आणल्या, मटण शिजवलं. (मी जैन, म्हणून मला आमंत्रण नव्हतं, मी तिथं असते तर कपाळावर हात मारला असता.) अडचण काय आहे, असं पाहुण्यांनी विचारलं, तर म्हणाले, अडचण कसली, भरपूर आहे. पाहुणे जेवून गेले आणि त्यांनी शेरा मारला, की मदतीची गरज दिसत नाही, उत्पन्नाचा दाखलाही संशयास्पद वाटतो.

मी ट्रस्टवाल्यांशी फोनवर भांडभांड भांडले. शेवटी एक संधी मिळाली. घोडेगावच्या बैठकीत मुलीला घेऊन यायचं आणि बापानं स्वतः सांगायचं. मी बोललेलं चालणार नव्हतं. पैसे भरले नाहीत तर होस्टेलची जागा जाणार होती, आणि रोजच्या एसटीच्या भरवशावर पोरीला पाठवायला तिची आई, ताजबीचाची, तयार नव्हत्या. शिक्षण तिथंच थांबलं असतं.

एसटीत सानिया पुढच्या सीटवर बसली होती. चाचांचे ओठ सारखे हलत होते.

“हर्षा,” ते हळूच म्हणाले, “माझ्या तोंडातनं निघालं आन् पोरीला काय झालं, तर?”

एरवी मी हसले असते. तेव्हा हसू आलं नाही.

बैठकीत चाचांनी आधी विनंती केली, पोरीला बाहेर बसू द्या. ट्रस्टवाले म्हणाले, अर्ज तिचा आहे, ती इथंच थांबेल. चाचांनी टोपी सारखी केली. आता हा माणूस पुन्हा ‘भरपूर’ म्हणतो की काय, या धास्तीनं माझा जीव टांगणीला लागला.

“भागत न्हाई, साहेब,” ते म्हणाले. “लई वर्सं झाली, भागत न्हाई. पोरीला मातुर कळू दिलं न्हाई.”

सानिया बापाकडे बघतच राहिली. जन्मापासून तिनं एकच शब्द ऐकला होता, भरपूर.

मदत तिथंच मंजूर झाली. रक्कम थेट होस्टेलला भरू, असं ते म्हणाले. मी देवाचे आभार मानले. चाचा मात्र बाहेर पडताना सानियाचा हात धरून रस्त्याच्या दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा बघत होते. गाडी येईल, काहीतरी होईल, ही भीती त्यांच्या डोळ्यांत मावत नव्हती.

स्टँडवर भेळेची गाडी होती. घराबाहेर पडलं की हट्टानं काहीतरी मागायचं, ही सानियाची लहानपणापासूनची खोड. चाचांनी खिशात हात घालून विचारलं, काय खाणार.

“काही नको, अब्बा. भूक नाही.”

ती सकाळपासून उपाशी होती.

चाचा नोट हातात धरून तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बरकत गेली बघ, हर्षा.”