ओलूवा बेटावरचा निरोप

दुर्गदबैलाच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आणि भिंतीला भिंत लागून श्रीहरीचं लेस-बटणांचं. लेस मोजताना हा माणूस तोंडातल्या तोंडात जे पुटपुटतो ते कन्नड नव्हे, मराठी नव्हे, हिंदीही नव्हे. ते ओलूवा बेटाचे आकडे. ओलूवा नकाशात शोधू नका. ते श्रीहरीनं स्वतःच समुद्रात ठेवलंय, त्यावर माणसं वसवलीत आणि त्यांच्यासाठी आख्खी भाषा रचलीय. ओल्या वाळूला शब्द वेगळा, कोरड्या वाळूला वेगळा, रुसून बसलेल्या माणसाला आणखी वेगळा.

"गिऱ्हाइकाशी कन्नड, घरी मराठी, सुरतेच्या व्यापाऱ्याशी हिंदी. तेवढ्यानं भागत नाही का रे तुझं?" मी एकदा वैतागून विचारलं.

"त्या तिन्ही भाषांत मी खोटं बोललोय, विठ्ठलअण्णा," तो म्हणाला. "हिच्यात अजून कुणी बोललेलं नाही."

खोटं काय, खरं बोलायलाही दुसरं माणूस नव्हतं. त्याच्या बायकोनं, शांतावहिनींनी, कधीच हात झटकले होते. बाजार त्याला हसायचा, मीही हसायचो. पण ही भाषा एकदा तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी म्हणून त्याचा जीव किती तुटतो, ते मला दिसत होतं.

मग एक दिवस भार्गवी लेस घ्यायला आली. देशपांडे नगरातली मुलगी, कोप्पीकर रोडला एका माडीवर मित्रांबरोबर मोबाइलवरचे गेम बनवते. तिनं ते पुटपुटणं ऐकलं, खोदून खोदून चौकशी केली आणि लेस तिथंच विसरून गेली. तिच्या नव्या गेममध्ये एक बेट बुडतं आणि तिथले लोक होड्यांत बसून कायमचे निघून जातात. त्या लोकांना भाषा हवी होती. श्रीहरीला आभाळ ठेंगणं झालं.

काम झकास चाललं होतं, ते शेवटच्या प्रसंगापाशी अडलं. एक म्हातारी होडीत चढताना बेटाकडे वळून निरोप घेते. निरोपाला श्रीहरीच्या भाषेत एकच शब्द होता, 'लूमे'. म्हणजे 'येते'.

"काका, बेट पाण्याखाली जातंय. ती परत येणार कुठं?" भार्गवी त्याच्या गल्ल्यासमोर बसून वाद घालत होती. "'जाते' असा शब्द करा की. पोरं हटून बसलीत. नाहीतर दुसरी भाषा बघू म्हणतात."

श्रीहरीचा चेहरा उतरला. "घरातून निघताना 'जाते' म्हणायचं? नाही गं, माझ्याच्यानं नाही व्हायचं. लटकंसुद्धा नाही."

मला त्याचाच राग आला. "एका शब्दासाठी हातचं घालवतोस? कर की रे! बेटावरच्यांना कुठं आपल्या रीतीभाती ठाऊक?"

तो नुसती मान हलवत राहिला. भार्गवीही चिडली. तिनं पर्स खांद्याला अडकवली, "मग जमत नाही म्हणून सांगते त्यांना. बर्तीनरी काका," म्हणत ती तरातरा पायरी उतरली आणि रस्त्यात हातगाडीपुढंच थबकली.

"मी काय म्हणाले आत्ता?"

"कन्नडात 'येते' म्हणालीस," मी म्हणालो. "आणि परत यायचा तुझा काही विचार दिसत नव्हता."

ती एवढी हसली की हातगाडीवालाही हसू लागला. हसत हसतच आत आली. "पोरांना मी बघते," म्हणाली. "तीही निघताना हेच म्हणतात."

म्हातारीच्या आवाजासाठी शांतावहिनींना गळ घातली. "एकच शब्द ना? म्हणते," म्हणून त्या आल्या. रेकॉर्डिंगच्या खोलीत आम्ही सगळे भिंतीला टेकून, श्वास रोखून उभे होतो. वहिनी माईकसमोर गेल्या. मग, आपलं घर सोडून निघाल्यासारख्या, हळूच म्हणाल्या, "लूमे."

"लूमा," श्रीहरीच्या तोंडून निघून गेलं.

सगळे त्याच्याकडे वळले. वहिनींनी कपाळाला हात लावला. "अहो, मध्येच काय बोललात?"

"ये म्हणालो," तो म्हणाला आणि सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसू लागला. माझेही भरून आले. लाज कसली त्यात?

पोरं पुन्हा रेकॉर्ड करायला निघाली होती, भार्गवीनं करू दिलं नाही. गेममध्ये आता म्हातारी होडीतून 'लूमे' म्हणते आणि बुडत्या बेटावरून कुणीतरी तिला 'लूमा' म्हणतं.