पट्टीच्या आतली लगबग

परसातल्या रायवळ आंब्याच्या रोपावर मी पायरीची काडी पट्टीने बांधली आहे. कलम धरलं का, हे पाहायला पट्टी सोडावी असं रोज वाटतं आणि रोज बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, हात लावू नका. पट्टी सुटली की गेलं कलम."

काल पुतणी आली होती. ती प्रयोगशाळेत झाडांमधल्या प्रथिनांचा अभ्यास करते. पट्टीकडे बघत म्हणाली, "काका, आत केवढी लगबग चालली असेल. सुरी लागली की दोन्हीकडे आधी जखमेपासून बचाव करणारी प्रथिनं वाढतात. मग नव्या पेशी घडवणारी, मग पाण्याच्या वाटा जोडणारी."

तेव्हापासून मी खूश आहे. म्हणजे एक व्हायचं असं आधी कुणीच ठरवत नाही. जो तो आपापली जखम भरायला धावतो आणि भरता भरता दोघांचं एकच झाड होतं. आमच्या संसाराचंही असंच झालं असावं. माझ्याकडे आमटीत गूळ, तिच्याकडे काळा मसाला. सुरुवातीला दोघंही आपापली चव वाचवत होतो. आता आमटीत दोन्ही असतं, आणि ती दुसरीकडे कुठे मिळत नाही.

आज सकाळी काडीच्या टोकाला तांबूस पालवी दिसली. मी हाक मारली. बायको हातातली पळी घेऊनच आली, वाकली, हसली आणि तिची बोटं आपसूक पट्टीच्या गाठीकडे गेली.

"अगं, हात लावू नको," मी म्हणालो.