गॉर्डीची जागा

मार्लिसच्या नवऱ्याला, गॉर्डीला, तीरकमठ्याने हरणं मारायचा नाद होता, आणि मचाण कुठे बांधलंय ते तो बायकोलाही सांगत नसे. विस्कॉन्सिनच्या त्या भागात याला कुणी वेडेपणा म्हणत नाही. माणूस आपलं दुखणंखुपणं चारचौघांत सांगेल, पण शिकारीची जागा नाही; कळली की दुसराच तिथे जाऊन बसतो.

त्या संध्याकाळी अंधार पडला तरी गॉर्डी परतला नाही. फोन टेबलावरच होता. हरणं बिचकतात म्हणून तो नेतच नसे. बाहेर बर्फाळ पाऊस सुरू झाला, तशी मार्लिस उठली. तिने धाकट्या दिराला फोन लावला.

"रोलंड, गॉर्डी बसतो कुठे रे?"

"मला सांगेल होय तो? मी दिवेलागणीपर्यंत रानालगतच्या कुंपणाशीच होतो, हूं की चूं ऐकलं नाही. थांब, माणसं घेऊन येतो."

"तोवर गारठून मरेल तो!"

ती बॅटरी घेऊन निघाली खरी, पण एवढ्या रानात शोधणार कुठे? हरणं दलदलीतून उठून ओढ्याकाठाने मक्याकडे येतात, एवढं तिला ठाऊक होतं. आज वारा पश्चिमेचा. हरणांना वास लागू नये म्हणून हा बाबा पूर्वेच्या काठाला असणार. आणि धुताना त्याच्या विजारीच्या दुमडीतून ओकच्या फळांच्या टोप्या निघायच्या. त्या काठाला ओक होते ते फक्त ओढ्याच्या वळणावर. ती धावतच सुटली.

मचाण रिकामं होतं. तिने बॅटरी खाली वळवली, तर बुंध्याशी गॉर्डी पडलेला, पाय वाकडा, ओठ निळे.

"दिवा खाली धर," तो पुटपुटला.

तिने आपला कोट त्याच्यावर घातला. त्याच्या गळ्यात तिनेच दिलेली शिट्टी लोंबत होती.

"ही का नाही वाजवलीस?"

"रोलंड कुंपणाशीच होता ना. त्याला जागा कळली असती."

मार्लिसला रडू आलं, आणि त्याहून मोठा संताप. म्हणजे हा मरायला तयार होता, आणि तिला एकटीला मागे ठेवायलाही. तिने शिट्टी ओढून घेतली.

"अगं, नको ना," गॉर्डी कळवळला.

तिने छाती भरून श्वास घेतला आणि कुंपणाकडे तोंड करून शिट्टी फुंकली. दम संपला तशी पुन्हा फुंकली. रोलंडची हाक ऐकू आली तरी ती थांबली नाही.