तिसऱ्या मजल्यावरचे संचालक

जर्मनीतल्या अख्ख्या लुडविग्सहाफेन शहरात सोमवारी स्वतःच्या दिवाणखान्यात पाऊल न टाकणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहत होता. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. सोमवार हा संग्रहालयांच्या सुट्टीचा दिवस, आणि त्या तीन खोल्यांच्या भाड्याच्या घरात ‘कझाख लेखकांचं संग्रहालय’ असल्यामुळे सोमवारी दिवाणखान्याच्या दाराला आडवी दोरी लागायची. तिथले आजोबा आणि आजी मग दिवसभर स्वयंपाकघरात. एकदा आजींचा चष्मा रविवारी आत राहिला, तर आजोबांनी त्यांना मंगळवारी सकाळी दहापर्यंत थांबवलं. “नियम सगळ्यांना सारखा,” म्हणाले. आजींनी तो अख्खा दिवस अंदाजाने विणकाम केलं, आणि त्या स्वेटरची एक बाही शेवटपर्यंत लांबच राहिली.

मी तेव्हा इथल्या केमिकल कारखान्यात नवा नवा इंजिनियर होतो. युरो नुकता आला होता, सांगलीला फोन करायचा तर कार्ड खरवडून वीस आकडी नंबर दाबावा लागायचा, असे ते दिवस. घराची किल्ली देताना हाउसमाइस्टरने, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाने, मला बजावलं होतं, “वर एक रशियन राहतो. निरुपद्रवी आहे, पण जरा चक्रम.” आता रशियन कसला डोंबलाचा! आजोबांचे आईवडील व्होल्गाकाठचे जर्मन. महायुद्धात तिथल्या सगळ्या जर्मनांना मालगाड्यांत कोंबून कझाखस्तानात नेऊन टाकलं, तेव्हा आजोबा आईच्या कडेवर होते. पुढे आईलाही सक्तीच्या कामावर उचलून नेलं, आणि शेजारच्या एका कझाख बाईने ह्या पोराला आपल्या चार पोरांत पाचवं म्हणून वाढवलं. मोठं झाल्यावर अल्मा-अता शहरात लेखकांच्या एका जुन्या घराचं संग्रहालय होतं, तिथे त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. संचालक म्हणून नव्हे हो, दारावरचे राखणदार म्हणून! नव्वदच्या दशकात मुलीच्या हट्टापायी ते जर्मनीला आले आणि इथे पोचल्यावर त्यांनी स्वतःला बढती देऊन टाकली. आम्हीही त्यांना संचालकच म्हणायचो. आमचं काय जात होतं?

त्यांचं एकच दुखणं होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. तिकडे आयुष्यभर त्यांना लोक जर्मन म्हणत आले, इकडे आल्यावर रशियन म्हणू लागले, आणि ज्या लोकांत वाढलो त्यांना आपण आपले वाटलो की नाही, हे काही केल्या त्यांना कळत नव्हतं. दर नववर्षाला ते अल्मा-अताच्या त्या घराला एक शुभेच्छापत्र पाठवायचे. उत्तर एकदाही आलं नाही. “कामात असतील,” ते म्हणायचे. “विसरले तुला,” आजी सुयांवरून नजर न काढता म्हणायच्या. आजींचा स्वभाव तसा रोखठोकच होता.

पहिल्यांदा आम्ही संग्रहालय बघायला गेलो तेव्हा आपल्या रीतीप्रमाणे चपला खालीच ठेवून अनवाणी वर गेलो. संचालक दारात टाय लावून उभे. आमच्या पायांकडे बघून त्यांचा चेहराच पडला. संग्रहालयात बुटांवरून नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीचे, मोठे सपाते चढवून फिरायचं असतं, म्हणजे फरशीवर ओरखडे पडत नाहीत. आणि आम्ही तर बूटच आणले नव्हते. “अहो आजोबा, अनवाणी पायांनी कसले ओरखडे पडणार?” बायकोने आपल्या नव्या नव्या जर्मनमध्ये विचारलं. “गेनाऊ,” ते म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर, “म्हणूनच बूट घालून या.” आम्ही मुकाट्याने खाली गेलो, बूट घातले, वर आलो, आणि ते मळू नयेत म्हणून नव्हे तर नियम म्हणून त्यांच्यावर सपाते चढवून घसरत घसरत आत शिरलो.

आत तीन लेखक होते. एक कवी, एक कादंबरीकार, आणि तिसऱ्याने नेमकं काय लिहिलं ते मला पाच-सहा भेटींतही कळलं नाही, पण त्याच्या मिशा फार झुपकेदार होत्या. खऱ्या वस्तू अर्थातच अल्मा-अतात. इथलं सगळं फ्लोमार्क्टमधून, म्हणजे रविवारच्या जुन्या बाजारातून, शोधून शोधून आणलेलं. प्रत्येक वस्तूवर एकच चिठ्ठी, सुवाच्य अक्षरात: ‘ही ती नाही, पण ती अशीच होती.’ कवीच्या टेबलावर डाव्या कोपऱ्यापासून दोन विती अंतरावर शाईचा डाग होता. तो त्यांनी आठवणीने मोजून स्वतः पाडला होता. आणि प्रत्येक खोलीत एक राखणदार बाई खुर्चीवर बसलेली हवीच, म्हणून पहिल्या खोलीत आजी विणत बसलेल्या. आम्ही दुसऱ्या खोलीकडे वळलो की त्या लगबगीने स्वयंपाकघरातून वळसा घालून आमच्या आधी तिथे पोचायच्या आणि सकाळपासून तिथेच आहोत अशा चेहऱ्याने विणायला लागायच्या. जरा धाप लागलेली असायची, एवढंच. आमच्या लेकीने एकदा त्यांना “हालो” केलं तर त्यांनी जणू पहिल्यांदाच भेटतोय असं उत्तर दिलं.

मग चहा. चहाने तर आमचं भांडणच व्हायची वेळ आणली होती. आजींनी मोठ्या वाडग्यात चार घोट चहा दिला. बायको मराठीत पुटपुटली, “काय मेला कंजूषपणा! एवढा तर आम्ही मांजरालाही देतो.” पुढच्या आठवड्यात तिने त्यांना मुद्दाम खाली बोलावलं आणि आलं घातलेला चहा असा दिला की कप काठोकाठ, थोडा बशीतही. संचालकांनी कपाकडे पाहिलं, आजींकडे पाहिलं, दोघं उठले, कोट घातले आणि आभार मानून निघून गेले. पोह्यांना हातसुद्धा लावला नाही! दोन दिवस आम्ही डोक्याला हात लावून बसलो. शेवटी जिन्यात गाठून विचारलं तेव्हा उलगडा झाला. कझाख घरात पाहुण्याला थोडा थोडा चहा देतात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागतो, बसतो, बोलतो. कप भरून दिला की त्याचा अर्थ, आता या. “मला वाटलं आमचं काही चुकलं,” म्हणाले बिचारे. त्यानंतर आमच्या घरात त्यांच्यासाठी चार घोटांचाच चहा व्हायचा, आणि ते चांगले आठ-आठ वाडगे प्यायचे.

सहा वर्षांत त्यांच्या संग्रहालयाला एकही कझाख माणूस भेट द्यायला आला नव्हता. मला ते बघवेना. हायडेलबर्गला पीएच.डी. करणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका मराठी मुलाच्या प्रयोगशाळेत अल्माटीची, म्हणजे त्याच शहराची, एक मुलगी होती. एका रविवारी मी तिला घेऊन आलो. संचालकांनी नवा टाय लावला होता. त्यांनी कवीच्या टेबलापासून सुरुवात केली, आणि ती कझाखमध्ये. असा धबधबा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पंधरा मिनिटं बोलले. मुलगी मान खाली घालून ऐकत होती. मग हळूच जर्मनमध्ये म्हणाली, “आजोबा, माफ करा. मला कझाख येत नाही. आमच्या घरात रशियनच बोलतात. फक्त माझ्या आजीला यायची.”

आजींच्या सुया थांबल्या. कुठून ही दुर्बुद्धी सुचली, असं मला झालं. संचालक तिच्याकडे बघून एकच शब्द म्हणाले, “आयनालायिन.” नंतर त्यांनी मला त्याचा अर्थ सांगितला: तुझी इडापिडा माझ्यावर येवो, मी तुझ्यावरून ओवाळला जाईन. लेकराला लाडाने असंच म्हणतात तिकडे. त्या मुलीने तो शब्द आजी गेल्यापासून ऐकला नव्हता. ती तिथेच, नमद्याच्या सपात्यांत उभी राहून, ढसाढसा रडली. संचालकांनी तिला रडू दिलं, रुमाल दिला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हळूहळू, एकेका वस्तूवर बोट ठेवून. हे टेबल. ही दौत. ही खिडकी. आणि ती मागून म्हणू लागली.

मग ती एक रविवार सोडून एक रविवार यायला लागली. मी कधीकधी वर जाऊन नुसता बसायचो. माझी स्वतःची लेक मी मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि तिला असं जवळ घेऊन ‘हे टेबल’ म्हणावं, हे मला कधी सुचलंच नव्हतं. लाज वाटायची, खरं सांगतो.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात ती मुलगी महिनाभर घरी निघाली. संचालक तिला म्हणाले, “ते घर आहे का बघून ये. पण माझं नाव काढू नकोस.” का, तर म्हणाले, “विसरले असले तर मला कळायला नको.” तोवर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि वाचता येत नव्हतं, घरात संगणकही नव्हता, म्हणून ती मलाच ई-मेल करणार होती. तीन आठवडे रोज संध्याकाळी माझी ट्राम वळणावर दिसली की हे जिन्यात उभे. “टपाल?” “नाही आजोबा.” “कामात असेल.” चौथ्या आठवड्यात ई-मेल आली. मी ऑफिसातच ती कागदावर छापून घेतली आणि जिने धावत चढून वर गेलो.

मी वाचायला लागलो. घर आहे. टेबल आहे, डागही आहे, दोन वितींवरच. तिने आतल्या म्हाताऱ्या राखणदार बाईंना सगळं कझाखमध्ये सांगून दाखवलं, तेव्हा बाईंनी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? आणि मग त्या पोरीला राहवलं नाही, तिने नाव सांगितलं. बाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “आमचा जर्मन! आहे का अजून? कसा आहे आमचा जर्मन?” आणि आत नेऊन त्यांची सगळी शुभेच्छापत्रं दाखवली, चहाच्या खोलीत ओळीने लावलेली. उत्तरं त्यांनी दर वर्षी पाठवली होती, पण ती परत यायची. कारण ह्या महाभागाने पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून फक्त ‘कझाख लेखकांचं संग्रहालय, तिसरा मजला, जर्मनी’ एवढंच लिहिलं होतं.

मला हसू आवरेना. वर बघतो तर आजोबा हसत नव्हते.

“आमचा म्हणाली?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“नीट बघ. तसंच लिहिलंय?”

मी पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा त्यांनी विचारलं, तेव्हा आजींनी विणकाम बाजूला ठेवलं, कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच वाचला. मोठ्याने, दोनदा.

आजोबा परत तिकडे जाऊ शकले नाहीत. आधी डोळे, मग हृदय, आणि मग एका हिवाळ्यात गेलेच. आम्हीही पुढे फ्रँकफर्टला राहायला आलो. आता मी सांगलीला गेलो की गल्लीतून हाक येते, “जर्मनीवाला आला रे!” त्या हाकेच्या आधी ‘आमचा’ असतं की नसतं, हे मी अजून कान देऊन ऐकलेलं नाही. पाय उचलतो आणि भरभर घरात शिरतो.