जीपमधली एक जागा

आमच्या गल्लीत यहुद्याचं एकच घर, अन् त्या घरात आता एकच माणूस. हनोख झिराडकर, गल्लीचे काका. मूळचे अलिबागकडचे. रेल्वेत गार्ड होते, बदलीवर सोलापूरला आले अन् हितलेच झाले. शनिवार त्यांचा देवाचा वार, त्या दिवशी चूल न्हाय, गाडी न्हाय; नोकरीत सुट्टीसुद्धा त्याच वारी मागून घेतलेली. चाळीस वर्षांत हा नेम मोडलेला मी बघितला न्हाय. पोरगा इस्राएलला. बायको, आमची केतुरामावशी, गेल्या साली वारली. शेवटचे चार महिने अंथरुणात तिची कूस मीच बदलत होते. मी मायाक्का, शेजारीण. निवृत्त नर्स, अन् ख्रिस्ती.

आमच्या चर्चची मंडळी काकांच्या मागं हात धुवून लागलेली. नाताळ आला की केक, अन् केकखाली धर्मप्रचाराची पत्रिका. काका केक खायचे अन् पत्रिका घडी घालून मला परत द्यायचे. म्हणायचे, "मायाक्का, माझ्या पणजोबांना हिब्रू तुमच्याच मिशनऱ्यांनी शिकवली. शिकले, आणि आणखीनच पक्के यहुदी झाले!"

औंदा तर चर्चच्या पंचांच्या अंगातच आलं. पुण्याहून मोठे प्रचारक येणार, अन् सभेचा विषय काय? सुवार्ता आधी यहुद्यांना! आता गावात आमाला ठाऊक असलेला यहुदी एकच. मग काय, सगळी वरात त्याच्याच दारात.

नेमकं त्याच गुरुवारी मावशीचं वर्ष. त्यांच्यात गेलेल्या माणसासाठी कादिश नावाची प्रार्थना म्हणतात. ती एकट्यानं म्हणता येत न्हाय, म्हणणाऱ्याला धरून दहा यहुदी बापे जमावे लागतात. पुण्याच्या त्यांच्या लोकांनी कामधंदा सोडून सकाळी अकराला जमायचं कबूल केलं होतं. काकांचा गुडघा गेलेला, म्हणून सोबतीला माझंही रेल्वेचं तिकीट काढलेलं.

हे कळल्यावर पंच ईश्वरप्पा धावत आले. "रेल्वे कशाला? प्रचारकसायबांना आणायला आपली जीप पुण्याला चाललीच हाय की! पहाटे पाचला दारात येतो. काकांची जागा पक्की."

अन् मी बावळट! मीच म्हणाले, "काका, तिकिटं रद्द करा."

गुरुवारी पहाटे काका टोपी घालून, प्रार्थनेचं जुनं पुस्तक मांडीवर घेऊन बसले. पाच वाजले, सहा वाजले. ईश्वरप्पा फोन उचलंनात. साडेसातला स्वतःच उगवले, मागं इस्त्रीच्या कपड्यातले नऊ बापे.

"जीप कुटं हाय?" मी विचारलं.

"ती गेली की पाचला. सायबांच्या स्वागताला चौघं पंच बसले, जागाच उरली न्हाय. पण काकांचं काम आमी अडू देतो व्हय? दहा माणसं लागतात न्हवं? घ्या मोजून!"

माझं डोकंच फिरलं. "अहो, दहा यहुदी लागतात! तुमी दहा काय अन् शंभर काय!"

"देवापुढं सगळे सारखेच, आक्का. म्हणा काका तुमची प्रार्थना. आमी आमेन म्हणतो."

त्यांना खरंच वाटत होतं, आपण लई प्रेमाचं काम केलं. त्याचीच जास्त चीड आली. काकांनी दहाही जणांना बसवलं, पाणी दिलं. पुस्तक काही उघडलं न्हाय. मग पुण्याला फोन लावून म्हणाले, "माणसांना सोडा. मी पोचत नाही."

जाताना ईश्वरप्पा म्हणतात कसे, "काका, संध्याकाळी सभेला यायचं. पुढच्या रांगेत तुमच्यासाठी खुर्ची राखलीय."

जीपमधी जागा न्हाय, मंडपात मात्र खुर्ची! "आग लागो तुमच्या असल्या प्रेमाला," मी तोंडावर बोलले. जनाची न्हाय तर मनाची तरी असावी माणसाला!

तरी सभेला गेले. भांडायलाच गेले असणार. प्रचारकसायबांनी सगळ्यांना उभं केलं अन् यहुदी लोकांसाठी प्रार्थना सुरू केली. बाया हुंदके देत होत्या. ईश्वरप्पा रुमालानं डोळे टिपत होते. पुढची ती खुर्ची तेवढी रिकामी. मला ऱ्हावंना, तशीच उठून घरी आले.

काका दारातच बसले होते. आत मावशीच्या नावानं लावलेला दिवा विझायला आला होता.

"काय झालं सभेत?"

"तुमच्या लोकांसाठी प्रार्थना केली, काका."

"किती जण होते?"

"असतील चारशे."

काका दिव्याकडं बघत राहिले.

"मला नऊच लागत होते, मायाक्का."